गाडीची उचकी

"बंद करू नका! चालू राहू द्या. आजाऱ्याचा श्वास कोंडून कुणी छाती तपासतं का?"

मिस्त्री बॉनेटखाली वाकले होते. तिने किल्लीवरचा हात काढला आणि गाडीतून उतरून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. आवाज चढायचा, मग एकदम पडायचा, आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत, आणि पुन्हा चढायचा.

"उचकी लागलीय हिला," मिस्त्री म्हणाले. "कोण एवढी आठवण काढतंय हिची?"

"काल मी एअरफ्लो सेन्सर साफ केला. तेव्हापासून असं करते. पळताना काही नाही, उभी राहिली की सुरू."

"तुम्ही? स्वतः?"

"वाटलं, सोपं असेल."

"सोपंच असतं. दाढ उपटणंसुद्धा सोपंच असतं, दुसऱ्याची असली की."

गॅरेजमधून घरात जायच्या पायरीवर मिस्त्रींची बायको लसूण सोलत बसली होती. "अहो, गिऱ्हाईक आहे ते. पळून जाईल."

"जाईल कशी? गाडी तर माझ्याकडे आहे!"

स्वतःच्याच विनोदावर हसत ते स्क्रू ड्रायव्हर आणायला पलीकडच्या भिंतीकडे गेले. बायकोने आवाज खाली आणला.

"आज सापडायलाच हवं गं. मागच्या खेपेला एका वायपरपुढे हात टेकले त्यांनी. सगळे पाने पोत्यात भरले, म्हणाले, शटर कायमचं ओढतो. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. फार अवघड नसेल ना?"

"नसावं," ती म्हणाली.

मिस्त्री परत आले. "पुसताना बोळा फिरवलात आतून? केसासारखी तार असते ती."

"नाही. नुसता स्प्रे मारला आणि पूर्ण वाळू दिला."

"बाण बघून बसवलात? वारा जातो त्या दिशेला बाण."

"बघूनच."

"वा! कुणीतरी नीट शिकवलंय."

"हो. फार नीट."

त्यांनी सेन्सरचा प्लग काढला, फुंकर मारली, दाबून बसवला. टिक. आवाजात फरक नाही. हात पुसले. मग पुन्हा तोच प्लग काढला, फुंकर मारली, दाबला. टिक. पायरीवर लसणाची पाकळी बोटांत तशीच राहिली.

"हे बघून झालंय का माझं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झालं असलं तरी पुन्हा बघितलेलं बरं."

"गिऱ्हाईक असावं तर असं. नाहीतर लोक येऊन घड्याळच दाखवतात."

पण हसू टिकलं नाही. ते इंजिनाकडे बघत राहिले, दारात अनोळखी माणूस उभा असावा तसे. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी हळूच खाली ठेवला.

"जमत नाही हो. दुसरीकडे न्या गाडी. आमचं झालं आता."

बायको पायरीवरून उठली. गाडीवालीने मात्र नजर इंजिनावरच ठेवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सेन्सर जेवढा वारा मोजतो, तेवढाच इंजिनात जातो ना?"

"मग? मोजल्याशिवाय कसा जाईल? जेवढा मोजला तेवढंच..." मिस्त्री थांबले. "थांबा. थांबा हं. सेन्सरच्या पुढे कुठून चोरवारा शिरला तर? चौघांचा स्वयंपाक केलाय आणि मागच्या दाराने पाचवा येऊन बसला. कमी पडणारच! मग सैपाकीण भांडी आपटणार नाही तर काय करेल?"

"माझ्याकडे बघून काय बोलताय?" बायको म्हणाली, पण पुन्हा खाली बसली.

त्यांनी रबरी पाइपचा हातभर तुकडा आणला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनाच्या कडेकडेने फिरवू लागले. मान कलती, डोळे मिटलेले.

"सूंऽऽ," मिस्त्रींनी डोळे उघडले. "हा बघा पाचवा!"

मागच्या बाजूला एक बारीक नळी तोंडावरून निसटून लोंबत होती. त्यांनी ती चेपून बसवली. इंजिनाने एक गचका खाल्ला आणि आवाज असा एकसुरी झाला की पायरीवरच्या लसणाच्या सालांची सळसळ ऐकू आली.

"सेन्सर काढताना तुमचं कोपर लागलं असणार."

"माझंच चुकलं."

"चुका हो, खुशाल चुका! तुम्ही चुकला नाहीत तर आमची चूल पेटायची कशी?"

तिघंही हसली. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर जागच्या जागी अडकवला, पान्यांचं पोतं झटकून रिकामं केलं आणि घडी घालून कोपऱ्यात फेकलं. "ऐकलंस का गं? उद्या शटर लवकर उघडू. नाहीतर लोक ताटकळतात." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "एवढ्याशा कामाचं मी काही घेत नाही. सावकाश जा. घरचे वाट बघत असतील तुमची."

शीळ घालत ते हात धुवायला आत गेले. नळ वाहू लागल्याचा आवाज आला, तेव्हा बायको उठून गाडीपाशी आली.

"उद्या याहून जरा सोपं काहीतरी बिघडव," ती हसत म्हणाली. मग नळाच्या आवाजाचा कानोसा घेत तिने हळूच विचारलं, "आज तरी बाबांनी ओळखलं का गं?"

"नळी ओळखली, आई."