जांभळी रेघ

लातूर जिल्हा नवाच झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. डुकरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर आले. “हा रोग वाऱ्यावर येतो,” म्हणाले. लस थोडीच होती. माझ्या जावेच्या, धुरपताच्या डुकरांनाच पुरली. टोचलेल्या डुकराच्या पाठीवर ते जांभळी रेघ ओढायचे. धुरपतानं ती डुकरं मुद्दाम माझ्या दारावरून दोनदा नेली. माझा नुसता जळफळाट झाला. रंगाची पुडी आणली, प्यायच्या पाण्यात कालवली आणि माझ्या डुकरांवर तिच्याहून ठसठशीत रेघा ओढल्या. “मला बी मिळाली लस,” गल्लीभर सांगितलं. चौथ्या दिवशी दुसरा डॉक्टर बर्फाच्या डब्यात भरपूर लस घेऊन आला. माझ्या डुकरांपाशी थबकला. “बाई, यांना टोचलंय ना?” धुरपता कमरेवर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होती. गाभण डुकरीण माझ्या पायाला अंग घासू लागली. मी म्हणलं, “हाव.”