हौसाबाईंचा हात

युरोपातल्या ग्राझ शहरातला घरासमोरचा सिग्नल रस्ता ओलांडायला बारा सेकंद द्यायचा. हा आकडा कुणीतरी धडधाकट गुडघ्यांच्या माणसाने खुर्चीत बसून ठरवला असणार. म्हणून लेकीने, उज्ज्वलाने, हौसाबाईंना दम दिला होता, "आई, एकटी बाहेर पडलीस तर सरळ गावी पाठवीन."

पण रस्त्यापलीकडच्या बागेत हौसाबाईंनी लावलेली मेथी वाळत होती. सोमवारी त्या निघाल्याच. अर्ध्या वाटेत दिवा बदलला आणि गाड्या सुटल्या. इचलकरंजीत भाजी विकताना तीस वर्षं केलं तेच त्यांनी केलं. तळहात पुढे धरला, डोळे वटारले आणि आपल्या चालीने चालत राहिल्या. गाड्या गपगुमान थांबल्या. सिग्नलने हे पाहिलं. तिकडचे सिग्नल पाहून पाहून शिकतात आणि शिकलेलं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या शहरांना कळवतात.

शुक्रवारी सिग्नल खात्यातल्या आपल्या नोकरीवरून उज्ज्वला धावतच घरी आली.

"आई, काय करून ठेवलंस! गेंटमध्ये, लिस्बनमध्ये म्हातारी माणसं हात दाखवतायत आणि सिग्नल गाड्या थांबवून धरतायत!"

"मग बोंबलतेस कशाला?"

"अगं, हे कुठल्या शहराने शिकवलं ते नोंदवायचंय. ग्राझ लिहू ना?"

"ग्राझने काय दिवे लावले? इचलकरंजी लिही."

सिग्नलांना शिकवणाऱ्या शहरांच्या यादीत युरोपाबाहेरचं एकही शहर नव्हतं. उज्ज्वलाने हसत नवं नाव लिहिलं.

"आता गावी कधी पाठवतेस?" हौसाबाईंनी चप्पल पायात सरकवत विचारलं.

"जा गं, मेथी काढून आण. एकटीच जा."