फौजदाराची लाकडं

आधी लाकडांचा टेम्पो आला, शिवपुत्र मागून ॲम्ब्युलन्समधून.

अक्कम्मा ओट्यावरून बघत होती. धाकटा लेक शिवपुत्र कोठडीत असताना ती पोलीस ठाण्याच्या दारात बसून राहिली, तेव्हा कुणी पाण्यालाही विचारलं नव्हतं. आणि आज फौजदार स्वतः अंगणात! लाकडं, गोवऱ्या, वर तुपाचा डबा. दारात बूटसुद्धा काढून उभा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला हो," फौजदार हळू आवाजात म्हणाला. "आता ऊन चढायच्या आत उरकून घेऊ. तुम्हाला कसलीच तोशीस नको."

थोरला राजशेखर रडून रडून गळून गेला होता. "अव्वा, साहेब एवढं करत्यात तर..."

"आधी लेकराला न्हाऊ घालू दे," अक्कम्मा म्हणाली.

छातीवरची पोस्टमार्टेमची शिवण तिने मन घट्ट करून धुतली. पायांवर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. दोन्ही तळपाय काळेनिळे, टम्म सुजलेले. अक्कम्माला भडभडून आलं, पण रडायला आत्ता सवड नव्हती. तिने राजशेखरला आत बोलावून मोबाइलवर फोटो काढायला लावले. मग वकील ऋतुजाताईंना फोन लावला.

"दुसऱ्यांदा पोस्टमार्टेम करा, असा अर्ज मी आजच हायकोर्टात टाकते," त्या म्हणाल्या. "तोवर काही झालं तरी जाळू देऊ नका. राख झाली तर आपल्या हातात काही उरणार नाही."

अक्कम्मा बाहेर आली.

"साहेब, चक्कर आल्यावर मानूस तळपायावर पडतो व्हय?"

फौजदार तिच्याकडे न बघता टेम्पोवाल्यावर ओरडला, "बघत काय बसलास? स्मशानात नेऊन उतरव लाकडं."

"माघारी न्या ती. आमी लिंगायत हाव. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरत्यात."

फौजदार नुकताच लांबच्या जिल्ह्यातून बदलून आला होता. त्याने गर्रकन सोबतच्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदार इथलाच, अक्कलकोट रोडचा. त्याला हे ठाऊक नसेल, यावर अक्कम्माचा विश्वास बसेना. तो मान खाली घालून उभा होता.

"एक दिवस रीत बाजूला ठेवली तर काय बिघडतं?" फौजदाराचा आवाज आता चढला. "राजशेखर, तू तरी समजाव."

राजशेखरने आईकडे पाहिलं. डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "स्वामींना बोलवा. खड्डा खणाया घ्या."

दुपारी लिंगायतांच्या स्मशानभूमीत शिवपुत्राला मांडी घालून खड्ड्यात बसवलं. कपाळाला भस्म लावलं, बेल वाहिला, माती लोटली. माणसं पांगली. पोलिसांची जीप मात्र फाटकाबाहेर तशीच उभी. अक्कम्माने ओल्या मातीशेजारी घोंगडं अंथरलं आणि बसली.

थोड्या वेळाने फौजदार आत आला.

"मावशी, घरी जा. इथं राखण कशाला? मातीतून कोण काय नेणार आहे?"

"ते तुमालाच ठावं."

"किती दिवस बसणार अशा?"

अक्कम्माने मातीवर हात ठेवला.

"आत त्यो बसलाय की. कोर्ट त्येला उठवंल, तवा आमी दोगं बी उठू."