लाल ओळ

"मॅडम, मी मशीन बंद नाही केली. खरं सांगून राहिली."

पतसंस्थेच्या सिहोऱ्याच्या शाखेतली चंदा फोनवर अगदी काकुळतीला आली होती. रुचिताने नुसतंच "बरं" म्हणून फोन ठेवला. समोर लॅपटॉपवर सिहोऱ्याची ओळ लालभडक होती आणि तिच्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं: ‘वापरकर्त्याने मशीन बंद केले.’ स्क्रीन खोटं कशाला बोलेल? स्क्रीन तर रुचितानेच आखली होती.

पुण्याच्या एका कंपनीचं काम ती भंडाऱ्याजवळच्या कारध्यात घरी बसून करायची. मोठ्या संस्थेत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला एका जागेवरून सगळ्या शाखांची मशीन अपडेट करता यावीत, कुठलं झालं आणि कुठलं राहिलं ते दिसावं, असं सॉफ्टवेअर कंपनी बनवत होती. त्यातली प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक शब्द रुचिताचा. पहिलं गिऱ्हाईकही तिनेच मिळवून दिलं होतं, भंडाऱ्याची एक पतसंस्था. तिथली सगळी मशीन एकटा अंकुश सांभाळायचा. मध्यरात्री, कुणाच्या कामात खोडा न घालता, अपडेट आपोआप जाणार होतं. बेत तर झकास होता. पण भंडाऱ्याचं मुख्य कार्यालय सोडलं तर रोज सकाळी झाडून सगळ्या खेड्यांतल्या शाखा लाल.

थोड्याच वेळात अंकुशचा फोन आला. "जय भीम, रुचिता. अध्यक्ष लय तापून राहिले. शनिवारपर्यंत झालं नाही तं काम नागपूरवाल्याले देतो म्हणतात. मी आता सिहोऱ्याच्या बाईले नोटीसच देतो. बाकीचे मग आपोआप सुधरतील."

रुचिताला धास्ती नोटिशीची नव्हती, शनिवारची होती. हे गिऱ्हाईक सुटलं तर घरून काम बंद, मुकाट्याने पुण्याला या, असं कंपनीने बजावलं होतं. वडील गेल्यापासून आई एकटी पडली होती, आणि तिच्यासाठीच तर रुचिता पुणं सोडून आली होती.

"देऊन टाक," ती म्हणाली. "लोकं ऐकतच नाहीत तं आपण काय करावं?"

तरी मनात कुठेतरी खुटखुट राहिलीच. झोपण्याआधी तिने स्वतःचा लॅपटॉपही त्या यादीत घातला, चार्जरला लावला आणि चालू ठेवला. एकदाचं कळू दे, चूक सॉफ्टवेअरची की माणसांची.

सकाळी चहा घेऊन बसली तर लॅपटॉप ठार बंद. बॅटरी तर त्याची केव्हाच म्हातारी झाली होती. पुन्हा चालू करून यादी उघडली. सिहोऱ्याच्या खाली एक नवी लाल ओळ आली होती. रुचिता. ‘वापरकर्त्याने मशीन बंद केले.’

"मी नाही केलं बंद!" ती एकटीच ओरडली.

हे वाक्य तिने कालच ऐकलं होतं.

"तू कायले करशील?" आतून आई म्हणाली. "रातच्याले विजा कडकडून राहिल्या होत्या. मीच मेन बटन बंद केलं. मागं टीव्ही नाही जळला का वं?"

रुचिताने कपाळावर हात मारून घेतला. दिवस विजांचे असले की झोपताना, कुलूप लावून बाहेर पडताना मेन बटन बंद करायचं, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इथं घरोघरी तेच, दुकानात तेच. पण स्क्रीन आखताना तिने डोळ्यांपुढे आणलं होतं ते पुण्याचं ऑफिस, जिथले दिवे रात्रभर जळतात आणि मशीन बंद दिसलं तर ते माणसानेच केलेलं असतं.

तिने सिहोऱ्याला फोन लावला. "चंदाताई, घरी जाताना मेन बटन बंद करता का?"

"थे तं करतोच ना, मॅडम! पन मशीनले हात नाही लावला. चालूच ठेवली होती."

"तुमची काही चूक नाही, ताई. चूक माही आहे," रुचिता म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लगेच तिने अंकुशला फोन करून नोटीस थांबवायला सांगितली आणि का ते सांगितलं. अंकुश म्हणाला, "माह्या घरी बी मायच बंद करते वं."

पुढचे दिवस तिने पुण्याच्या कंपनीतल्या प्रोग्रामर पोरांचा पिच्छा पुरवला. मध्यरात्रीची वेळ काढून टाकली. आता अपडेट दिवसा शाखेत जाऊन निमूट बसून राहणार होतं. कीबोर्डवरून माणसाचा हात उठला, बराच वेळ परत आला नाही, की आपलं काम उरकणार होतं. आणि ते ‘वापरकर्त्याने बंद केले’ तिने स्वतःच्या हाताने खोडलं. तिथं लिहिलं, ‘मशीन वाट पाहत आहे.’

शनिवारी दुपारी दिघोरीच्या शाखेत जेवणाचा पहिला डबा उघडला असावा, कारण पहिली हिरवी झाली ती दिघोरीची ओळ. मग भराभर बाकीच्या. चंदाकडे गर्दी होती. सिहोरा बराच वेळ लाल राहिलं आणि रुचिताचा जीव टांगणीला लागला. मग तेही हिरवं झालं.

"झालं वं!" अंकुश फोनवर जवळजवळ नाचत होता. "अध्यक्षाले दाखवतो आता. थांब, खाली एक लाल दिसून राहिली. हे कोन व्हय, पाय तं!"

रुचिताने पाहिलं. ओळीवर तिचंच नाव होतं. सकाळपासून तिचे हात कीबोर्डवरून उठलेच नव्हते.

"जेवाले येतेस का नाही वं?" आईने आतून हाक मारली.

"वाढ, माय," खुर्ची मागे सारत रुचिता म्हणाली. "आता माह्याच जेवनासाठी अडून राहिलं."