जुळ्यांच्या पाठची

"जुळ्यांच्या पाठीवर काय झालं होतं तुला?" मारितने विचारलं.

नालोंगोच्या हातातला चाटू पातेल्यातच थांबला. मक्याचं पीठ तळाला धरू लागलं.

मारित दूर नॉर्वेहून या अनाथाश्रमात सेवेला आलेली. वर्षभरात ती केळी सोलायला शिकली, इथली भाषा शिकली आणि आता नावंही उमगू लागली होती. जुळी झाली की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, सगळे तिला नालोंगो म्हणतात. जुळ्यांच्या पाठचं मूल ते किझ्झा. नवरा सरोवरात बुडाल्यावर किझ्झाच्या शाळेसाठी नालोंगोने तिला अनाथ म्हणून इथे ठेवलं आणि तिच्या जवळ राहता यावं म्हणून स्वतः चुलीशी लागली. सगळं लपवलं. ही दोन नावं लपवायचं मात्र तिला सुचलंच नाही.

आज मारित किझ्झाला दत्तक घेऊन मायदेशी निघाली होती; फाटकाशी विमानतळाची गाडी उभी होती. मागच्या सीटवर किझ्झाची नवीकोरी बॅग. त्या गाडीतून गेलेलं एकही पोर आजवर परतलं नव्हतं.

"खरं सांग, नालोंगो. ती तुझी असेल तर मी नेणार नाही."

"माझी आहे," नालोंगो म्हणाली. "माझ्या पोटची आहे."

दारातून हसू आलं. आश्रमाचे चालक काग्वा केव्हाचे उभे होते. "झालं! गाडी दिसली की यांना माया फुटते. मागल्या खेपेला आमची धोबीण आई झाली होती. पोरीलाच विचारा की, ताई."

त्यांनी हाक मारली. किझ्झा आली, रीतीप्रमाणे मोठ्यांपुढे गुडघे टेकून बसली. काग्वांनी तिच्या भादरलेल्या डोक्यावर अलगद हात ठेवला.

"किझ्झा, ही तुझी आई आहे?" मारितने विचारलं.

पोरीची पापणीही लवली नाही. "माझी आई देवाघरी गेली. ही आमची स्वयंपाकीण."

मारितने सुस्कारा सोडला. दुःखाचा की सुटकेचा, देव जाणे. ती गाडीकडे वळली. नालोंगो मटकन खाली बसली.

निरोप घ्यायला किझ्झा धावत आली, तिच्या गळ्यात पडली आणि कानाशी लागून कुजबुजली,

"आई, तू शिकवलेलं आज तरी चुकले नाही ना गं?"