कणगीमागचं भोक

तांब्याचा हंडा ओसरीवर, फुलाबाईच्या गुडघ्याला टेकून होता. बाहेर लीलाबाईच्या सामानाची बैलगाडी जुंपून उभी होती. नवऱ्याला कारखान्याच्या चाळीत जागा मिळाली होती, म्हणून कळंबातली ही भाड्याची खोली आज सोडायची होती. त्रेपन्नच्या दिवाळीत राहायला येताना तिनं माहेरचा हा हंडा फुलाबाईकडं अनामत ठेवला होता. खोली होती तशी परत दिली की हंडा परत, असं ठरलं होतं.

खोली होती तशी नव्हती. फुलाबाईचं घर आणि ती खोली यांच्यामधल्या मातीच्या भिंतीला, जमिनीपासून दीड हातावर, आरपार भोक पडलं होतं. फुलाबाईच्या बाजूला तिथं ज्वारीची कणगी होती. त्यामुळं आज सकाळी खोली पाहायला गेल्यावरच तिला ते दिसलं. भोकाखाली भुईमुगाची टरफलं पडली होती.

भोक बुजवून देते, असं लीलाबाईनं दोनदा सांगितलं. फुलाबाई ऐकेना. शेवटी ज्यानं ती भिंत घातली होती त्या गेणबा गवंड्याला बोलावलं. तो सांगेल ते दोघींनी मानायचं होतं.

फुलाबाईनं त्याला भोकाचं थोडं आणि नातीचं जास्त सांगितलं. आई नसलेली पाच वर्षांची छबू दिवसभर या बाईच्या दारात असायची. जेवायला हाक मारावी तर जेवले म्हणायची. वेणीसुद्धा हिच्याच हातची लागायची. म्हणून महिनाभर पोरीला घराबाहेर पडू दिलं नव्हतं.

"मी दार लावलं, तर हिनं भिंत फोडली," फुलाबाई म्हणाली.

लीलाबाई खाली बघत उभी राहिली.

गेणबानं घाई केली नाही. खोलीत जाऊन त्यानं भोकात करंगळी घातली. ती कशीबशी गेली. मग तो फुलाबाईच्या घरात आला. कणगी आणि भिंत यांच्यामध्ये त्याला शिरता येईना, म्हणून आडवं होऊन हात लांबवला. इकडून मूठ आत गेली. त्यानं दोघींना जवळ बोलावलं आणि शाळेतल्या पोरांना दाखवावं तसं दाखवलं.

"जिकडनं खणत्यात तिकडं तोंड मोठं हुतं. पल्याड जाईस्तवर निमुळतं हुत जातं. ह्ये हितनं खणलंय, फुलाबाई. अन् हितं मोठं माणूस मावत न्हाय."

तिथल्या भुसभुशीत मातीतून त्यानं एक उलथनं बाहेर काढलं. ते फुलाबाईचंच होतं. पंधरा दिवस ती ते शोधत होती. त्याची कड झिजून वाकडी झाली होती.

फुलाबाईनं ते हातात घेतलं आणि ती लीलाबाईकडं वळली.

"तुला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय," लीलाबाई म्हणाली.

"मग सकाळधरनं गप का ऱ्हायलीस? हंडा गेला असता."

"तुमच्या मनाला लागलं असतं, मावशी."

फुलाबाईनं हंडा स्वतः उचलून गाडीत नेऊन ठेवला. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्यातच उभी होती.

दिवस कलता गेणबा चिखल मळून भोक बुजवायला आला. तिनं त्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं. गाडी गेल्यापासून छबू कणगीमागं बसली होती आणि हाकेला ओ देत नव्हती.

फुलाबाईनं ओच्यात चार शेंगा घेतल्या आणि रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. एक शेंग फोडली, दाणा सोलला, भोकाशी धरला. पलीकडून पोरीचा श्वास ऐकू येत होता.

दाणा बराच वेळ तिच्या चिमटीतच राहिला.