मी इथेच आहे

पाळणाघरवाल्या मावशींच्या परवान्याची मुदत आज पाचला संपणार होती, आणि नूतनीकरणासाठी लागणारा चाळीस मिनिटांचा ऑनलाइन पाठ तीनदा हुकला होता. मोबाइलवर मध्येच ‘मी इथेच आहे’ असं बटण उगवायचं. दहा सेकंदांत दाबलं नाही, की पाठ पुन्हा पहिल्यापासून. चार पोरांपैकी एखादं पडलं, किंवा दुसऱ्याला चावलं, की बटण नेमकं तेव्हाच हजर.

रडकुंडीला येऊन मावशींनी मदत केंद्राला फोन लावला.

"ताई, मुलांना तासभर कुणाकडे तरी ठेवा ना," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अगं, लोक त्यांना माझ्याकडेच ठेवतात!"

"मग जरा शांत जागी बसा."

सव्वाचारला मावशींनी चौथ्यांदा पाठ लावला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना धाकटी झोपेतून दचकून उठली आणि मावशींकडे हात पसरून टाहो फोडू लागली. पंधरा वर्षांत मावशींनी एकाही लेकराला असं रडू दिलं नव्हतं. पण परवाना गेला तर उद्यापासून पाळणाघरालाच कुलूप. त्यांनी पाळण्याकडे पाठ फिरवली, ओठ गच्च दाबले आणि बटण उगवताच ‘मी इथेच आहे’वर बोट टेकवलं.



स्क्रीनवर फुलं उधळली: "अभिनंदन! ‘मूल रडलं की आधी जवळ घ्या’ हा पाठ तुम्ही मन लावून पूर्ण केलात."